भागुबाईनं गावाला दिलेली विहीर

रंगनाथच्या द्राक्षबागेत भागुबाई सहा वर्षं मजुरीला गेली. घडांची विरळणी करताना हात चालायचे आणि डोकं त्याचं वाटोळं कसं करायचं यातच असायचं. रंगनाथ म्हणजे कुणी परका नव्हे, तिच्या नवऱ्याचा, रावजीचा, सख्खा चुलतभाऊ. त्यानं काय केलं ते साऱ्या गावाला माहीत होतं, पण गावाचं काय जातंय? गाव विसरून गेलं. ही बाई विसरणारी नव्हती.

झालं असं होतं. चांदवडच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि गावाबाहेर रावजीचं दीड एकर. शहाण्णव साली नवराबायकोनं तिथं विहीर खणायला घेतली. दोन उन्हाळे दोघं स्वतः खाली उतरून सुरुंगाचे दगड भरत होते. चाळीस फुटांवर पाणी लागलं, तेव्हा रावजी चिखलात बसून हमसून हमसून रडला. आता भाजी करू, झेंडू करू, नाशिकला माल पाठवू, असं त्याचं रात्रंदिवस चाललेलं. पाणी लागलं की पहिली घागर आणि गूळ भाऊबंदांच्या घरी पोचवायचा, ही त्यांच्यातली रीत. भागुबाई डोक्यावर घागर घेऊन रंगनाथच्या दारात गेली. त्यानं गूळ खाल्ला, पाणी प्याला, "वहिनी, पाणी लय गोड हाय," म्हणाला. आणि चौथ्या दिवशी तहसीलमध्ये अर्ज दिला की ही विहीर गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत आहे आणि हिला परवानगी नाही.

कायदा खोटा नव्हता. पण गावात विहीर खणताना लोक पाणाड्याला विचारत, नारळ फोडत आणि कामाला लागत. तहसीलदाराला विचारायचं असतं हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? ठाऊक होतं ते एकट्या रंगनाथला, आणि तोही पाणी लागेपर्यंत गप्प बसला. तलाठ्यानं टेप लावली. चारशे ऐंशी मीटर भरलं. वीस मीटरनं घात झाला. मोटार उतरवली, वीज तोडली, उपसा बंद.

रावजी महिनाभर त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. मग एक दिवस उठला आणि नाशिकला गेला, तिथल्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये पोती उचलायला. रविवारी यायचा, संध्याकाळी जायचा. पस्तिशीतला गडी, चार वर्षांत पाठीत वाकला. त्याची पाठ चोळताना भागुबाईच्या मनात रंगनाथशिवाय दुसरं काही नसायचं.

दोन हजार साली सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. स्वतःच्या बायकोला, कुसाबाईला, चारचौघांत बसवणं रंगनाथला कमीपणाचं वाटलं. त्यानं भागुबाईला उभं केलं. आपल्याच बागेत राबणारी, खाली मान घालून चालणारी बाई, आपण म्हणू तिथं सही करील, असा त्याचा हिशेब. ती निवडून आली. रजिस्टर रंगनाथच घेऊन यायचा, ती सही करायची. पण सही करताना ती वाचायचीही, सातवीपर्यंत शिकलेली होती. हे त्याच्या लक्षातच आलं नाही. बायका वाचतात हे असल्या माणसांच्या डोक्यात शिरतच नाही.

टंचाईचे सरकारी कागद येऊ लागले तेही तिनं वाचले. त्यात तिला हवं ते सापडलं. टंचाई जाहीर झाली की पिण्याच्या विहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या कुठल्याही खासगी विहिरीचा, बोअरचा शेतीसाठीचा उपसा बंद करता येत होता. रंगनाथची सारी बाग माळावरच्या एका नव्या बोअरवर होती. गावाच्या विहिरीपासून तो बोअर चांगला सव्वा किलोमीटर लांब. त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. त्या दिवशी कामावरून परतताना भागुबाई पावलं मोजत आली, बोअरपासून स्वतःच्या बंद विहिरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. एक किलोमीटरला कमीच भरत होतं.

दोन हजार तीनचा पावसाळा कोरडा गेला. दिवाळीतच गावच्या विहिरीनं तळ दाखवला आणि टंचाई जाहीर झाली. टँकर तीन दिवसांआड यायचा आणि बाया हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. भागुबाईच्या विहिरीत मात्र सहा वर्षं उपसा नसल्यानं पंधरा फूट पाणी उभं होतं. रविवारी रावजी आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, गाव तहानलंय. आपली विहीर पंचायतीला देऊन टाकू." रावजी उठून विहिरीवर जाऊन आला. मग म्हणाला, "लोकांची पोरं तहानेली असताना मी नाय कसं म्हणू?" आणि त्यानं दानपत्रावर सही केली.

ग्रामसभेत ठराव मांडला तिनं आणि अनुमोदन दिलं रंगनाथनं. टंचाईचे ते कागद त्यानं वाचलेच नव्हते. वर भाषणही ठोकलं, की माझी वहिनी म्हणजे साक्षात गंगामाई. स्वतःच्या हातानं तिला शाल दिली. भागुबाईनं पदर सावरून शाल घेतली. हसू आवरताना तिच्या गालांना रग लागली.

अर्ज तिनं लगेच दिला नाही. घाई कशाला? दानपत्राची नोंद होऊ दिली, विहीर पिण्याच्या पाण्याच्या यादीवर चढू दिली. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेला फुलोरा आला, मणी धरले. जानेवारी संपता संपता मण्यांत पाणी उतरायला लागलं. याच दिवसांत बागेला पाणी तुटलं की घड जागच्या जागी सुकतात, हे तिला रंगनाथनंच शिकवलं होतं. मग ती तहसीलला गेली आणि सरपंच म्हणून अर्ज दिला. तलाठ्यानं टेप लावली. नऊशे चाळीस मीटर.

बोअरला सील लागलं त्या दिवशी ती कामावर गेली नाही. चौथ्या दिवशी रंगनाथ तिच्या दारात आला. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं.

"वहिनी, अर्ज मागं घे. फकस्त पंधरा दिवस पाणी मिळू दे."

"कायदा हाय, भाऊजी. मी काय करणार?"

"हातातोंडाशी आलेला माल जातोय गं. पाया पडतो."

"पडा की," भागुबाई म्हणाली आणि पाय पुढं केले. तो खरोखर वाकला. त्याच्या टकलाकडं बघताना तिला इतकं बरं वाटलं, की तिनं त्याला लवकर उठूच दिलं नाही.

पंधरा दिवसांत बाग सुकली. रविवारी तिनं कोंबडी शिजवली आणि रावजीची वाट बघत बसली. हे त्याच्यासाठीच तर केलं होतं. तो आला तो विहिरीवरूनच आला. फाट्यावर त्याला सगळं कळलं होतं.

"अर्ज तू दिलास?"

"मंग कोण देणार? जिरली त्याची."

"आणि विहीर मागितलीस ती याच्यासाठी?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण एवढं मोठं काम करून ते लपवायचं तिच्या जिवावर आलं. "होय," ती म्हणाली. "तुमची पाठ मोडली त्यानं."

रावजी उंबऱ्यावरच बसला. "मी दर महिन्याला तहसीलला खेटे घालत हुतो, भागू. गावाला नळाची योजना मंजूर हाय. ती झाली की जुनी विहीर यादीतून निघणार, अन् आपली मोकळी व्हणार. साहेब म्हणला, दोन वर्षं दम धरा. म्हणून तर पोती उचलत हुतो."

"मला का नाय सांगितलं?"

"मोकळी झाल्यावरच सांगणार हुतो. तरी सही दिली. पोरं तहानेली हायत, असं तू म्हणालीस म्हणून."

"पितातच की पोरं."

"पितात. तेवढं बरं झालं."

कोंबडीला त्यानं हात लावला नाही. चारच्या एसटीला निघाला तेव्हा ती फाट्यापर्यंत मागं मागं गेली. पुढच्या रविवारी काय करू, म्हणून विचारलं. "आता इथं यायला काय ऱ्हायलंय?" तो म्हणाला आणि गाडीत चढला.

गाडी दिसेनाशी झाली तरी भागुबाई फाट्यावर उभी होती. सात वर्षांपूर्वी तो असाच गेला, तेव्हा इथंच उभं राहून तिनं रंगनाथला तळतळून शाप दिले होते. या खेपेला कुणाचं नाव घ्यायचं ते तिला कळेना.