हलायचं नाही

हर्षदीपने राऊटर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला, मागे सरून फोनच्या पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तेच झालं. बाकीच्या चौकटींतली पोरं हलत होती. कोणी नाक चोळत होतं, कोणाची आई मागून कपडे घेऊन जात होती. फक्त त्याच्या लेकीची, हर्षालीची चौकट थिजली होती. मान जराशी कलती, ओठ अर्धवट उघडे, डोळे समोर.

"हर्षाली, अम्मा, यू आर स्टक," फोनमधून तेलुगू मॅडम म्हणाल्या. "नेटवर्क प्रॉब्लेम. ओके, नेक्स्ट."

"राऊटर बदलला तरी तेच!" हर्षदीप चिडला. "सगळ्या कॉलनीत आपल्याच घराले काय झालं?"

दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या भागीरथाबाईंनी मान वर केली नाही. त्यांचा हा मुलगा गुडीहत्नूरकडच्या एका सरकारी शाळेत गुरुजी होता. साथीमुळे शाळा बंद होती आणि त्याच्या वर्गातल्या पोरांकडे फोन नव्हते, त्यामुळे शिकवायला त्याच्याजवळ उरली होती एक हर्षाली. ती आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत पहिलीत होती. तिचा तास सुरू झाला की तो पाटी घेऊन फोनच्या मागे उभा राही. मॅडमनी विचारलं की पाटीवर उत्तर लिही, आणि पोरगी अडखळली की पाटीवर पेन्सिल वाजवी. टक्, टक्. हात त्याने कधी उगारला नव्हता. रागावून बोललाही नव्हता.

त्या दिवशी भागीरथाबाई त्याला चहा द्यायला म्हणून फोनच्या त्या बाजूला गेल्या. पडद्यावर नात थिजलेलीच होती. तिच्या मागे भिंत, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटोच्या मागून एक पाल निघाली, सरसर भिंत उतरत हर्षालीच्या डोक्यापर्यंत आली, थांबली, आणि चौकटीबाहेर निघून गेली.

भागीरथाबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला.

चित्र अटकलं होतं, मग पाल कशी चालली?

त्यांनी पडद्यावरची नजर काढून खुर्चीतल्या पोरीकडे पाहिलं. खालच्या ओठावर माशी बसली होती. पापणी मिटत नव्हती. छाती वरखाली होत नव्हती. तास संपून पडदा काळा झाला तेव्हा कुठे तिने खोल श्वास घेतला, ओठावर हात फिरवला आणि उतरून बाहेर खेळायला गेली.

त्यानंतर ते फोनपुरतं राहिलं नाही. हर्षदीपने जेवताना विचारलं, "सांग बरं, मंकीची स्पेलिंग?" आणि पोरीचा घास हातातच राहिला. तिची आई प्रतिभा सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्युटीवरून आली होती. ती आधी हसली.

"पुरे झालं नाटक. जेव."

बोटांवरून वरण मनगटापर्यंत ओघळलं. प्रतिभाने तिचा हात धरून खाली ठेवला, तो ठेवला तिथेच राहिला. मग तिने नाडी पाहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. शेजारच्या गयाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "पोरीले काई लागलं असन. कोनाले तरी दाखवा."

"आमच्या घरात असलं चालत नाई, मावशी," हर्षदीप म्हणाला.

"नसन चालत, गुर्जी. पन तुमची पोरगी बी हालून नाई राह्यली, तिचं काय करता?"

प्रतिभा म्हणाली, थोडे दिवस तास बंद ठेवू. तो म्हणाला, "पयलीतच मागं राह्यली तं जन्मभर मागंच राहीन. माह्या वर्गातले चाळीस पोरं घरी बसले हायेत, त्याह्यचं मी काई करू शकत नाई. हिचं बी सोडू का?"

भागीरथाबाईंना भीती शाळेची नव्हती. पोरगी प्रत्येक वेळी परत येत होती, पण आता उशिरा येत होती. आधी पडदा काळा झाला की लगेच येई. आता हाका मारून, तळपाय चोळूनसुद्धा वाट पाहावी लागे. एखाद्या दिवशी ती यायचीच नाही, हे त्यांना दिसत होतं.

दुपारी अंगणात वेणी घालताना त्यांनी विचारलं, "हर्षा, हे तुले कोनं शिकवलं वो?"

"कोनीच नाई." पोरगी रिबिनीशी खेळत होती. "हाललं नाई का मी दिसत नाई."

"कोनाले?"

हर्षालीने घराकडे पाहिलं. आत हर्षदीप खोकला.

"मंग कुठं जातं तू?"

"गवतात. माह्याहून उच्चं हाय. तिथं लई पोरं हायेत आजी, सगळे गप उभे रायतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिथं टापा वाजतात."

भागीरथाबाईंची बोटं केसांत तशीच राहिली.

ही पोरगी आदिलाबादेत जन्मली. घोडा तिने चित्रातच पाहिला होता. आणि त्या गवताबद्दल भागीरथाबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्यांच्या लहानपणी माय ज्याच्या शेतावर राबायची, त्या मालकाच्या बांधावरचं पुरुषभर गवत. कामावर आलेल्या बायांची पोरं त्यात असत. मालक घोड्यावरून शेत बघायला निघाला की दिसेल त्या पोराला कामाला जुंपी, नाहीतर नुसता थांबून बघत राही, आणि ते बघणं जास्त वाईट. टापा ऐकू आल्या की माय कुजबुजे, हलायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही, जे हलत नाही ते मालकाला दिसत नाही. कितीतरी वर्षं झाली. गवत जाऊन तिथे कापूस आला, मालकाची मुलं हैदराबादेला गेली. भागीरथाबाईंना वाटलं होतं, संपलं.

दुसऱ्या दिवशी तासाच्या वेळी त्यांनी खुर्ची ओढली.

"आज मी बसते पोरीपाशी."

"माय, तुले इंग्रजी येते का?"

"गप बसाले कोन्ती इंग्रजी लागते रे?"

हर्षदीप पाटी घेऊन आपल्या जागी गेला. भागीरथाबाईंनी नातीचा हात हातात घेतला. मॅडमनी नाव घेतलं. प्रश्न आला. पाटीवर पेन्सिल वाजली, टक्, टक्, आणि हातातला हात गार पडत गेला.

भागीरथाबाईंनी श्वास सोडला, तो परत घेतला नाही.

शरीराला सगळं आठवत होतं. आधी खोली लांब गेली, मग आवाज. गवत होतं तेवढंच उंच होतं. त्यात पोरं उभी होती, ओळखीची. काही तर पुढे कधी मोठीच झाली नाहीत. त्यांच्यात पिवळ्या फ्रॉकमधली हर्षाली. हाक मारायची सोय नव्हती, तिथे कोणी बोलत नसे. टापा जवळ येत होत्या. त्यांनी पोरीचा दंड धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तिला गवताबाहेर ढकललं.

"आजी! आजी, हाल ना वो!"

खोलीत हर्षाली ओरडत होती. खुर्चीवरून उतरून ती त्यांना गदागदा हलवत होती.

"हर्षाली? नाऊ यू आर ओके," मॅडम म्हणाल्या. "बट ग्रँडमा इज स्टक."

भागीरथाबाईंना सगळं ऐकू येत होतं. पण पापणी त्यांचं ऐकत नव्हती. लहानपणी गवतातून निघायला एक बोल लागे. घोडा लांब गेला की माय वाकून यायची, मानेवर हात ठेवायची आणि म्हणायची, चाल, गेला तो. तो बोल आल्याशिवाय कोणी पोर हलत नसे, दिवस कलला तरी. माय जाऊन किती काळ लोटला. या घरात तो बोल कोणाला ठाऊक असणार?

"माय? माय, काय झालं?"

हर्षदीप धावत आला. त्याने आईचे डोळे पाहिले, गार पडलेला हात पाहिला, मग लेकीचा चेहरा पाहिला. लेक त्याच्याकडे बघून एक पाऊल मागे सरली, आजीच्या खुर्चीमागे. ते त्याने पाहिलं. हातातली पाटी त्याने खाली ठेवली. तो होता तिथेच फरशीवर बसला, आणि बसूनच राहिला.

हर्षाली खुर्चीमागून त्याला न्याहाळत होती. मग तिने आजीच्या मानेवर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेलं.

"आजी, बाबा गेले नाई. इथंच हायेत."

मग पुन्हा त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "पन खाली बसले."

भागीरथाबाईंची पापणी हलली.