जागेवरून हलायचं नाही

बारा मॅचपैकी सहा जिंकायच्या. एवढंच मागणं आहे आमचं. कुणी म्हणेल, निम्म्या मार्कांनी पास व्हायचं, त्यात कसली हौस? पण इथल्या, अमेरिकेतल्या, हातात चेंडू घेऊन पळायच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सहा जिंकलात की सीझन संपल्यावर एक जादा मॅच मिळते. तिला बोल म्हणतात. ती मिळाली की त्या वर्षी तुमची टीम माणसांत आली. पाच जिंकलात तर डिसेंबरभर घरी बसून दुसऱ्यांच्या मॅच बघा. आमची सॅन टॅन स्टेट पाचावर अडकण्यात पटाईत आहे. अगदीच भिकार असती तर एव्हाना सोडून दिली असती. पण ती दर ऑक्टोबरात आशा लावते आणि नोव्हेंबरात तोंडघशी पाडते. त्यातून एखादा पोरगा बरा निघालाच, तर पुढच्या वर्षी कुठलं तरी मोठं कॉलेज त्याला उचलून नेतं. दळायचं आम्ही आणि पीठ न्यायचं दुसऱ्यांनी.

मी परीक्षित, वय एकोणपन्नास, चँडलरमध्ये चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर. माझ्या डाव्या खुर्चीत अतुल, नागपूरचा. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे एमएसला आलो, एका अपार्टमेंटमध्ये राहिलो, एकाच कुकरमधली खिचडी खाल्ली. नोकरी लागल्यावर पहिली चैन केली ती म्हणजे या दोन सीझन तिकिटांची. सेक्शन एकशे नऊ, रांग बावीस. तेव्हापासून बावीस वर्षं झाली.

या बावीस वर्षांत सहावा विजय मिळाला एकदाच, तोही परगावी. मी तो माझ्या घरी टीव्हीवर पाहिला, अतुलने त्याच्या घरी. या स्टेडियममध्ये, या खुर्च्यांत बसून, शेजारी शेजारी, सहावा विजय डोळ्यांनी पाहायचा राहिला होता. आणि आता वेळ संपली होती. अतुलचं बारा डिसेंबरचं नागपूरचं विमान होतं, परतीचं तिकीट न काढता. त्याची आई एकटी असते, वर्षात दोनदा बाथरूममध्ये पडली. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर यार, निघालो," असं तो सगळ्यांना हसत सांगत होता. आमच्या टीमचं नावही स्कॉर्पियन्स, म्हणून लोकांना ते भारी वाटायचं. मला नाही वाटायचं.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, दुपारचा दीड, रिओ सेको टेकविरुद्ध शेवटची मॅच. आमचे विजय पाच, पराभव सहा.

"आज बघणार आपण," अतुल म्हणाला आणि मोज्यातून चिवड्याची पुडी काढली. बाहेरचं खाणं आत आणायला बंदी आहे. बावीस वर्षांत त्याचा मोजा कुणी तपासलेला नाही.

"तोंड बंद ठेव," मी म्हटलं. "तू बोललास की वाट लागते."

हे मी उगाच बोललो नव्हतो. अतुल पनवती आहे. हे त्यालाही मान्य आहे. एमएसच्या दिवसांत आम्ही सात जण एका टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघत होतो. अतुल बाथरूमला गेला आणि विकेट पडली. मग घरोघरी जो नियम असतो तोच आम्ही लावला. जो जिथे आहे तो तिथेच, जागेवरून हलायचं नाही. बाहेरून दार धरून आम्ही त्याला दीड तास आत ठेवला. मॅच जिंकलो. तो बाहेर आला तेव्हा त्याचे पाय बधिर झाले होते आणि तो आमच्यापेक्षा जास्त नाचला. तोच नियम आम्ही फुटबॉलला आणला. आमच्या पुढच्या रांगेत डॉना नावाच्या आजी बसतात, कानात रेडिओची वायर, मांडीवर लोकर. त्यांनाही तो पाठ झालाय. अटीतटीची वेळ आली की त्या मागे वळून म्हणतात, "पॅरी, नो मूव्हिंग, राइट?"

आणि या सीझनचा हिशेब तर सरळच होता. पाच विजयांपैकी तीन अतुल आईपाशी नागपुरात असताना मिळालेले. कारखान्यात मला कुणी असा डेटा दाखवला असता तर मी मशीनच बदललं असतं.

हाफटाइमला आम्ही चौदा-सात मागे होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अतुल नाचोज आणायला गेला. तो बाहेर पडला नाही तोच आमच्या पोराने चेंडू पकडला आणि साठ यार्ड पळत सुटला. टचडाउन, वर एका गुणाची किकही. चौदा-चौदा. अतुल चीज सांडत धावत वर आला, टाळी दिली, बसला. लगेच पुढच्या किकवर त्यांच्या पोराने चेंडू घेतला आणि आमच्या अख्ख्या टीममधून आरपार गेला. एकवीस-चौदा.

मी अतुलकडे पाहिलं. त्याने नाचोजकडे पाहिलं.

"योगायोग आहे यार."

"मी काही बोललो का?"

शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याला टॉयलेटला जावं लागलं. शुगर आहे त्याला, थांबता येत नाही. तो गेला आणि आमच्या लोकांनी चेंडू हिसकावला. चार डावांत पुन्हा टचडाउन, सहा गुण. एकवीस-वीस. आता फक्त दोन खांबांमधून एका गुणाची किक, लहान पोरानेही मारावी अशी, की बरोबरी. जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला. अतुल दोन-दोन पायऱ्या चढत येत होता, हात वर करून. मी ओरडलो, "थांब! तिथेच थांब!" त्या गदारोळात त्याला ऐकू गेलं नाही. तो रांगेत शिरला, खुर्चीत बसला, आणि आमच्या किकरने तो एका गुणाचा चेंडू खांबाच्या बाहेर मारला.

चाळीस हजार लोक एकदम गप्प झाले. डॉनाबाईंनी सुया खाली ठेवल्या.

मला इतका राग आला की कपाळाची शीर उडायला लागली. किकरचा राग यायला हवा होता. अठरा वर्षांचं पोर, पहिलंच वर्ष, या मॅचमध्ये आधीच एक लांबची किक चुकलेलं. पण मी रागावलो अतुलवर. तो मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत होता.

मग बराच वेळ काहीच घडलं नाही. घड्याळात एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद उरले असताना चेंडू आमच्याकडे आला. आमच्याच चोवीस यार्डावर. एका गुणाने मागे. कसंतरी पन्नास यार्ड पुढे सरकायचं, मग खांबांमधून लांबची किक, म्हणजे फील्ड गोल मारायचा, तीन गुण, झालं. नाहीतर पाचावरच सीझन संपला, बावीस वर्षंही संपली आणि अतुल नागपूरला.

आम्ही दोघंही एकच विचार करत होतो आणि हे दोघांनाही कळत होतं. शेवटी मीच बोललो.

"अतुल, जा."

"शेवटची आहे यार ही."

"म्हणूनच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. वाद घातला असता तर मी गप्प बसलो असतो, शप्पथ. त्याने टोपी काढली, खुर्चीवर ठेवली, तिच्यात चिवड्याची पुडी ठेवली.

"जागा धर," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पहिला पास, बारा यार्ड. दुसरा, नऊ. तिसरा चेंडू जमिनीवर पडला. मग आमचा पास फेकणारा क्वार्टरबॅक, जो वर्षभर माझ्या शिव्या खातो, स्वतः चेंडू घेऊन उजवीकडून पळाला आणि अठरा यार्डांवर रेषेबाहेर पडला. लोक उभे राहिले. मी उभा राहिलो, पण पाय जिथे होते तिथेच ठेवून. डॉनाबाईंनी मागे वळून पाहिलं, रिकामी खुर्ची पाहिली आणि पुढे वळल्या. अजून एक पास, अकरा. घड्याळात सात सेकंद. खेळ थांबवायचा आमचा शेवटचा टाइमआउट गेला. चेंडू त्यांच्या सव्वीस यार्डावर, म्हणजे मागचे सतरा धरून किक त्रेचाळीस यार्डांची.

तेच पोर पुन्हा मैदानात आलं. आज दोन किक चुकलेलं.

माझी पाचावर धारण बसली. पोर पावलं मोजून उभं राहिलं, मान हलवली, आणि त्या क्षणी रिओ सेकोच्या कोचने टाइमआउट घेतला. पोराला घाबरवायला असं करतात. उभा ठेवायचा, विचार करू द्यायचा. पोराचं माहीत नाही, विचार मी करत बसलो.

"पॅरी," डॉनाबाई म्हणाल्या, "गो गेट हिम, हनी. देअर्स टाइम."

वेळ खरंच होती. वीस पायऱ्या खाली, वीस वर. बावीस वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते दोन मिनिटांत होणार होतं आणि ज्याच्यासोबत पाहायचं होतं त्याला मीच हाकलून दिला होता. आणला आणि किक चुकली तर? नाही आणला आणि लागली तर? मी जिन्याकडे एक पाऊल टाकलं. मग ते पाऊल मागे घेतलं. मला लाज वाटली, आणि तरीही मी हललो नाही. खरं सांगायचं तर मला मित्रापेक्षा तो सहावा विजय जास्त हवा होता. निदान ती दोन मिनिटं तरी हवा होता.

शिट्टी झाली. चेंडू मागे आला. मला पोराचा पाय उचललेला दिसला.

आणि मी डावीकडे बघितलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. सवय म्हणा. बावीस वर्षं प्रत्येक किकला मी आधी चेंडू आणि मग अतुलचं तोंड बघत आलोय. या वेळी क्रम चुकला. तिथे तोंड नव्हतं. टोपी होती, आणि टोपीत चिवडा.

एक ठण् असा आवाज आला. मग एवढा आरडाओरडा झाला की सिमेंटची पायरी हादरली. डॉनाबाई माझ्या गळ्यात पडल्या, लोकर सगळी पायांत. बोर्डावर आकडे बदलले होते. तेवीस-एकवीस. सहा.

टोपी उचलून मी धावलो. लोक वरून खाली, खालून वर, मी मधून. खाली हॉटडॉगच्या काउंटरवर टीव्ही असतो, तिथे घोळका नाचत होता. अतुल त्या घोळक्यात नव्हता. तो पलीकडे पिण्याच्या पाण्याच्या नळाशी उभा होता, टीव्हीकडे पाठ करून, भिंतीला कपाळ टेकून, डोळे घट्ट मिटून. बघायचं नाही म्हणजे नाही. टीव्हीवरसुद्धा नाही. एवढा आवाज ऐकूनही तो वळला नव्हता.

"अतुल."

"गेली?" डोळे मिटूनच त्याने विचारलं.

"गेली."

तो वळला आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडला. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू. आजूबाजूला लोक एकमेकांवर सोडा उडवत होते.

"तू बघितलंस ना?" तो म्हणाला. "एकाने तरी बघितलं. आता सांग मला. नीट सांग. कशी गेली?"

त्याचं तोंड एखाद्या गोष्ट ऐकायला बसलेल्या पोरासारखं झालं होतं. मला नाही म्हणवेना.

"सरळ," मी म्हणालो. "पायातून निघाली तेव्हाच कळलं. मधोमध. खांबांच्या जवळपासही नाही. बघण्यासारखी, यार."

"मधोमध," तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. मीही वळलो. काउंटरवरच्या टीव्हीवर ती किक पुन्हा दाखवत होते, अगदी सावकाश. चेंडू डावीकडे गेला, आणखी डावीकडे गेला, खांबावर ठण्ण आपटला, क्षणभर हवेत थांबला आणि कसाबसा आतल्या बाजूला पडला.

आम्ही दोघंही ते पहिल्यांदाच बघत होतो.



"पऱ्या," अतुल म्हणाला, "कुठे बघत होतास रे?"

मी त्याची टोपी पुढे केली. पुडी तिच्यात तशीच होती, फक्त शेंगदाणे सगळे एका बाजूला काढलेले. त्याने टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"गाढवा," तो म्हणाला. "अरे, मग मला पाठवलंस कशाला?"

टीव्हीवर किक पुन्हा सुरू झाली. अतुल टोपी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, नेहमीसारखा डाव्या बाजूला, आणि चिवड्याची पुडी माझ्यासमोर धरली. "आता हलू नको," तो म्हणाला. "अजून एकदा दाखवतील." त्यांनी अजून सहा वेळा दाखवली. सहाही वेळा आम्ही हललो नाही.