रुमालाखालचा भाव

मला गिऱ्हाइकांचा राग येतो. मी दुकानदार नाही, सोनपेठच्या एका शाळेत लिपिक आहे, तरी येतो. वस्तू बघायच्या आधी किंमत पाडून मागणारे तर डोक्यातच जातात. पण चुडाव्याचे किशनराव आले आणि त्यांनी तासभर किंमतच विचारली नाही, तेव्हा मला पाडून मागणारे परवडले असं वाटलं.

विकायला काढली होती माझी बेस गिटार. चार तारांची, जपानी. चौदा वर्षं मी ती हरिओमच्या ऑर्केस्ट्रात वाजवली. लग्न, हळद, जयंत्या, गणपती, जिथं सुपारी मिळेल तिथं. तीन महिन्यांपूर्वी चारठाण्याच्या कार्यक्रमात हरिओमनं माईकवरून सगळ्या कलाकारांची ओळख करून दिली. कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, ढोलकीवाला, अगदी लाईटवाल्याचंसुद्धा नाव घेतलं. माझं विसरला. मी शेवटचं गाणं संपायच्या आत वायर काढली आणि घरी आलो. परत येणार नाही, असं सांगायलासुद्धा थांबलो नाही.

मग मी मोबाईलवर जाहिरात टाकली. अठरा हजार, भाव एकच. खरं सांगायचं तर मला ती विकायची नव्हती. जाहिरात हरिओमनं बघावी, घाबरावं, फोन करावा आणि म्हणावं, सारंगभाऊ, चुकलं, या. म्हणून तर अठरा लावले होते. एवढ्याला कोण घेतंय?

आणि घ्यायला हे आले. चुडाव्याहून रेल्वेनं गंगाखेड, तिथून एसटीनं सोनपेठ. किशनराव बैलांचा व्यापार करणारे. सोबत त्यांची मुलगी भक्ती, वीस-एकवीस वर्षांची. तिनं गिटार मांडीवर घेतली, माझ्याकडं न बघता तारा सुरात लावल्या आणि वाजवायला लागली. वाईट वाजवत असती तर बरं झालं असतं.

किशनरावांनी मात्र गिटार बैल बघावा तशी बघितली. मानेवरून हात फिरवला. उलटी करून पाठ बघितली. बोटाच्या पेरानं चार ठिकाणी ठोकून आवाज ऐकला. पाय असते तर उचलून खूरही बघितले असते.

"किती वर्षं झाले कामाला?" त्यांनी विचारलं.

"चौदा वर्षं वाजवतोय," मी म्हणालो.

"कुणाकडं?"

"हरिओमच्या पार्टीत."

बापलेकीनं एकमेकांकडं बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही.

"म्या त्याच पार्टीत जायचं म्हणायलेय काका," भक्ती म्हणाली. "बेसवर. पुढच्या आठवड्यापासून. मपली गिटार साधी हाय, मैतरणीकडून मागून वाजवायलेय."

म्हणजे माझ्या जागेवर बसायला निघालेली पोरगी माझ्याच खोलीत बसून माझीच गिटार वाजवत होती, आणि मी तिला पंखा लावून दिला होता.

"एका कार्यक्रमाचे किती देतो म्हणाला?" मी विचारलं.

"सातशे."

"सातशे!" मी हसलो. ते हसणं चांगलं नव्हतं, मला माहीत आहे. "सातशे रुपयांत वाजवणार? तुझ्यासारख्यांनीच धंद्याची वाट लावली. कुणीही उठतं, मिळेल त्या पैशात उभं राहतं, आणि आमच्यासारख्यांना घरी बसवतं."

किशनरावांचा चेहरा तापला. "पाहुणे, जपून बोला. पोरगी हाय मपली."

"म्हणून तर बोलतोय."

भक्तीनं गिटार खाली ठेवली. "म्या कुठं हो म्हणले अजून? म्या दोन हजार मागितले. तुमी तीन घेत व्हता असं अख्ख्या सोनपेठात सांगतेत. तेच सांगितलं म्या हरिओमभाऊला. तर ते हसले. म्हणले, जा, सारंगलाच इच्यार काय घेत व्हता."

तीन हजार हा आकडा मीच गावभर सांगितला होता. केस कापताना, शाळेत, लग्नाच्या पंगतीत. इतक्या वेळा सांगितला की मलाही तो कधीकधी खरा वाटायचा. मी तोंड उघडलं, आणि तीनच म्हणणार होतो.

"आठशे," उत्तरा म्हणाली. माझी बायको. चहाचे कप खाली ठेवता ठेवता तिनं सांगून टाकलं. "चौदा वर्षं आठशेच. एक रुपया वाढला न्हाई, अन् ह्यांनी मागितलाबी न्हाई. लोकांसमोर तीन सांगायचे अन् मी गप ऐकायची."

मला तिचा असा संताप आला की बस. पण ती सरळ आत निघून गेली. भांडायलाही माणूस समोर लागतं.

भक्ती माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत कीव नव्हती, निव्वळ राग होता. "मंजे मला सातशे म्हणायलेत ते तुमच्यामुळं. चौदा वर्षं तुमी आठशेत वाजवलं, म्हणून बेसवाल्याचा भाव आठशे झाला. अन् तुमी मला म्हणायलाव धंद्याची वाट लावली?"

आठशे घेताना मला कधी वाटलंच नव्हतं की हा भाव माझ्या एकट्याचा नाही. पण हे तिच्यासमोर कबूल करायला जीभ वळेना. "गिटार घ्यायची असेल तर घ्या," मी म्हणालो. "अठरा हजार. नसेल तर एसटी अजून मिळेल."

"मानेवरच्या तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत पट्ट्या झिजल्यात," ती म्हणाली. "त्या बदलायला नांदेडला चार हजार घेतेत. वायर घालायची जागा ढिली हाय, हलवलं की आवाज जायलाय. तारा गंजल्यात. अशीच नवी सव्वीसला भेटती. अकराच्या वर एक रुपया न्हाई."

प्रत्येक शब्द खरा होता. म्हणूनच मला तिला घराबाहेर काढावंसं वाटलं.

तेवढ्यात किशनरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यासमोर धरला. बैलबाजारात करतात तसं. रुमालाखाली हात घालायचा, बोटं धरायची, आकडा बोटांनी सांगायचा. आजूबाजूच्या चार माणसांना भाव कळू द्यायचा नाही.

"इथं कोण आहे ऐकायला?" मी चिडून म्हणालो. "माझ्या घरात मला चोरासारखा भाव सांगायचा?"

"चोरून न्हाई पाहुणे. तोंडानं माणूस कायबी बोलतो. तीन हजार म्हणतो, अठरा म्हणतो. रुमालाखाली हात खोटं बोलत न्हाई. धरलेली बोटं सोडवून घ्यायची का ठेवायची, येवढंच." ते मुळीच रागावलेले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "दुसरी गोष्ट. आमच्याकडं जनावर देताना खोड सांगावी लागती. मारकं हाय का, बसकं हाय का. ह्याची खोड पोरीनं सांगितली. पण तुमची मला दिसायलीय. तुमाला विकायचंच न्हाई. विकायचं नसलं की माणूस असा भाव लावतो."

मी हात घातला नाही. त्यांनीही काढून घेतला नाही. रुमाल तसाच आमच्या दोघांच्या मध्ये लोंबत राहिला.

आणि भक्तीचा फोन वाजला. हरिओमचा. बापाला ऐकू यावं म्हणून तिनं आवाज मोठा केला.

"काय ठरलं मग?" हरिओम म्हणाला. तो आवाज ऐकून, लाज वाटते सांगायला, माझं काळीज हललं. तीन महिने मी याच आवाजाची वाट बघत होतो.

"दोन हजार," भक्ती म्हणाली. "कमी न्हाई."

"अगं बाई, ऐक. नको असंल तर राहू दे. मपल्याला काय फरक पडत न्हाई. सारंगला नुसता आवाज दिला तरी पळत येतंय. आठशेत. रुसून बसलंय, गिटार विकायची जाहिरात बिहिरात टाकलीय, पर इकत न्हाई ते. म्या वळखतो त्याला."

भक्तीनं माझ्याकडं बघितलं नाही. किशनरावांनीही नाही. ती त्यांची सभ्यता असेल, पण मला ती थोबाडीत मारल्यासारखी लागली. कारण हरिओम खोटं बोलत नव्हता. त्यानं त्या क्षणी मला हाक मारली असती तर मी गेलो असतो. आठशेत. धावत.

मी रुमालाखाली हात घातला. किशनरावांनी माझं एक बोट धरलं, म्हणजे दहा हजार. सोडलं आणि परत एक धरलं. वर एक हजार, एकूण अकरा. त्यांच्या हाताला कासऱ्याचे घट्टे होते. मी बोट सोडवून घेतलं नाही.

"हरिओम," मी फोनजवळ जाऊन म्हणालो, "सारंग बोलतोय. गिटार विकली. आत्ताच. माझ्याकडं आता वाजवायला काही नाही."

"तू तिथं काय करायलास?" पलीकडून आलं. मी फोनपासून बाजूला झालो.

"दोन हजार," भक्ती परत म्हणाली. "अन् येण्याजाण्याचं भाडं येगळं."

"दीड देतो."

"दोन."

हरिओमनं मला एक शिवी घातली, तिला नाही. मग म्हणाला, "बरं, दोन. भाडंबी दिऊ."

एवढंच करावं लागलं होतं तिला. फोनवर तीन वेळा तोच आकडा म्हणावा लागला होता. चौदा वर्षांत मी तो एकदाही म्हणालो नव्हतो.