हात पास, शेगडी नापास

घर उबदार ठेवणाऱ्या लाकडाच्या शेगड्या बनवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी म्हटलं की बायको म्हणते, झालं सुरू. पण या हिवाळ्यापासून नवा नियम आला. धुरातली काजळी मोजून घेतल्याशिवाय शेगडी विकायची नाही. पास झालीच नाही, तर माझ्या कारखान्याला कुलूप. आणि मोजणार कोण, तर प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली माझीच धाकटी.

मी मनात म्हटलं, घरचंच तर काम आहे. तिने मात्र आधीच साहेबांना सांगून टाकलं की शेगडी माझ्या वडलांची आहे, तुम्ही शेजारी उभे राहा. मला जरा लागलंच ते.

धुराड्याला नळी जोडून ती धूर एका गोल पांढऱ्या कागदातून ओढते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे काजळी. जाळ करायला मीच पुढे झालो. सुकी, बारीक फोडलेली लाकडं एकेक करून घातली, डोळ्यांत तेल घालून जाळ राखला. कागद जेमतेम मळला. साहेब म्हणाले, पास. मी मिशीला पीळ दिला.

धाकटी म्हणाली, "साहेब, हा बाबांचा हात पास झालाय. शेगडी अजून व्हायचीय."

मग तिने लोक करतात तसं केलं. जाड ओंडके कोंबले आणि लाकूड पुरावं म्हणून हवेची झडप गच्च बंद केली. कागद तव्याच्या बुडासारखा निघाला. नापास.

घरी आलो तो फणफणतच. खाल्ल्या घरचे वासे मोजते कार्टी, असं बायकोजवळ बडबडलो. ती म्हणाली, अहो, तिला मोजायचाच पगार आहे. मला हसू फुटलं, आणि हसता हसता पटलंही. माझी शेगडी चांगली होती, पण माझ्याच हातात. गिऱ्हाइकाच्या घरी मी थोडाच राहायला जाणार होतो?

मी झडपेला आतून अडसर बसवला. आता कितीही दाबा, बोटभर फट राहतेच. धाकटीने पुन्हा ओंडके कोंबले, बापाची जराही भीडभाड न ठेवता. कागद फिकट राखाडी निघाला. तिने तो दोनदा तोलला, मगच पास म्हणाली.

आता शेगडीवर शिक्का आहे. पण गिऱ्हाईक आलं की मी तो नंतर दाखवतो. आधी सांगतो, "ही माझ्या पोरीने नापास केलेली शेगडी आहे."