खलाशाच्या कपाळी कुंकू

सासूला आपलं काम दाखवायची हौस अश्लेषाच्या चांगलीच अंगाशी आली. जर्मनीतल्या येना शहरातल्या प्रयोगशाळेत ती जुन्या चित्रांचे उडालेले रंग खास प्रकाशात शोधायची. पाहुण्यांना तिथे मज्जाव, आणि कुसुमताई तर पुढच्याच आठवड्यात पुण्याला निघालेल्या. म्हणून या शहाण्या पोरीने कुणाला न विचारता एक चित्र सरळ घरी आणलं.

चित्र होतं एका इंग्रज नटाचं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी समुद्रावरच्या रडारडीच्या नाटकांत तो शूर खलाशी व्हायचा. प्रेक्षक असली छापील चित्रं विकत घेऊन घरी त्यांवर चमकी चिकटवायचे. याची तलवार अजून सोनेरी झगमगत होती.

"आई, हेच माझं काम," अश्लेषा अभिमानाने म्हणाली. चित्र दुसऱ्याचं आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. ती आंघोळ करून आली तर टेबलावर नवऱ्याचा, निहारचा लॅपटॉप, विळी आणि शेजारी खलाशी. सगळ्यांना ओलं कुंकू, अक्षता, फूल. तलवारीवर कुंकू, नटाच्या कपाळावरही कुंकू. कागदाने ते केव्हाच पिऊन टाकलं होतं.

"अहो आई, हे काय केलंत!"

"का गं? तुझं काम ना ते? शिवाय हातात शस्त्र. म्हटलं, यश येऊ दे."

"लोकांचं आहे हो ते! आता माझी पीएचडी जाणार!"

कुसुमताईंचा चेहरा उतरला. अश्लेषाने प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना, फ्राऊ लिंडनरना, फोन लावला. चूक आपली, हे सांगायचं तिने पक्कं ठरवलं होतं. पण पलीकडून थंड आवाजात प्रश्न आला, चित्राला हात कुणी लावला? आणि तिने उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"माइने श्वीगरमुटर."

कुसुमताईंना जर्मनमधले हेच दोन शब्द येत. माझ्या सासूबाई. बेकरीत, जिन्यात, शेजारणीकडे सून कौतुकाने अशीच त्यांची ओळख करून द्यायची, आणि त्या हसून हात जोडायच्या. आताही त्यांनी सवयीने मान वर केली. हात मात्र जोडले नाहीत.

फोन संपला. सोमवारी चित्र घेऊन भेटायला बोलावलं होतं. अश्लेषाला वर बघवेना.

"सोमवारी मीही येते," कुसुमताई पदराला बोटं पुसत म्हणाल्या. "त्यांच्या पाया पडते. दोष माझ्यावर आला तरी मी पुण्याला जायचीच आहे गं, तुझं शिक्षण तेवढं राहू दे."