गोळीचं की माझं?

डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या आणि माझं अंगावरून जाणं एकदाचं थांबलं. त्याआधी पाळी आली की जायचं नाव घेत नव्हती. हिमोग्लोबिन तळाला गेलं होतं, सीवूड्सच्या मॉलमधला जिना चढतानाही धाप लागायची. ते सगळं गेलं. त्याबदल्यात जे आलं, ते मात्र बघण्यासारखं होतं. पोट फुगलं, छाती दुखायला लागली, अंगठी बोटात रुतली आणि टीव्हीवरच्या तांदळाच्या जाहिरातीला मला हुंदका फुटला. तांदळाच्या! माझी मीच चकित झाले.

"होतं असं काहींना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोर्स संपला की जाईल. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणं हा तर माझा धंदाच. तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. तिथे नमुना तपासताना तीच सगळी कृती एकदा नमुन्याशिवायही करून बघतात, त्याला ब्लँक म्हणतात. नुसत्या पाण्यामुळे काय दिसतं ते त्यातून कळतं. मी घरात जाहीर केलं की गोळ्या थांबल्या की माझा ब्लँक निघेल, तोवर माझी प्रत्येक लहर संशयित. माझी लेक क्षिप्रा हे घेऊन नाचायलाच लागली. मी ओरडले की तिचा प्रश्न तयार, "आई, हे तुझं की गोळीचं?" सुरुवातीला मलाही हसू यायचं.

मग एका रविवारी जेवताना मी बोलून गेले. आमच्याकडे गौरी येतात. त्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून लग्न झाल्यापासून दरवर्षी मी पाळी लांबवायची गोळी घेते, तीही हॉर्मोनचीच. सासूबाई सकाळी चहाच्या कपाशेजारी पाकीट ठेवतात, मी न बोलता गिळते. अंग जड व्हायचं, ते सणाचा शीण म्हणून सोडून द्यायचे.

"यंदापासून ती गोळी मी घेणार नाही," मी म्हणाले. "पाळी आली तर आली. पुरणही मीच घालीन आणि पूजाही मीच करीन." आणि म्हणता म्हणता रडायला लागले, तिथेच घोटाळा झाला.

सुधीरने, माझ्या नवऱ्याने, पाण्याचा ग्लास पुढे केला. "गोळ्यांमुळे होतंय गं. टेन्शन नको घेऊ."

"गोळीचं," क्षिप्रा पुटपुटली.

"बोलू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "औषध उतरलं की येईल ठिकाणावर."

मग वातावरण हलकं करायला सुधीरने सासूबाईंचा जुना किस्सा काढला. तो लहान असताना गौरीच्या दिवसांत त्या कशा भडकायच्या, एकदा तर पुरणाचं पातेलं मोरीत उपडं करून खोलीला कडी लावून रडत बसल्या होत्या. "वर्षभर गरीब गाय, गौरी आल्या की वाघीण. आईचा स्वभावच तसा!" सगळे हसले. सासूबाईही हसल्या.

मला असला संताप आला! पण संतापले तर तोही गोळीचाच ठरणार, म्हणजे बोलायची सोयच नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही शंका आली. इतकी वर्षं मुकाट गिळली, मग आत्ताच कसं सुचलं? हे नक्की माझं होतं का?

आषाढात कोर्स संपला. पुढची पाळी शहाण्यासारखी आली आणि गेली. मी स्वतःवर नजर ठेवून होते. अंगठी सैल झाली. तांदळाची जाहिरात कोरड्या डोळ्यांनी पाहिली, पुन्हा लागली तेव्हा पुन्हा पाहिली. चिडचिड गेली. त्या रविवारचा रागही शोधून सापडेना. रागाबरोबर ते बोलणंही गेलं असलं तर?

गौरी जवळ आल्या. सकाळी चहाच्या कपाशेजारी पाकीट होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. राग नव्हता, रडूही नव्हतं. पण हात काही पुढे जाईना.

"आई, मला नको," मी म्हणाले, भाजी नको म्हणावं इतक्या साधेपणाने. "त्या दिवशी बोलले ते माझंच होतं."

आता भडका उडणार असं मला वाटलं. सासूबाईंनी पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"त्या तांदळाच्या जाहिरातीला," त्यांनी विचारलं, "तू नक्की कशाने रडायचीस गं?"

"कशानेच नाही. उगाच भरून यायचं."

"आणि छाती दुखायची? ब्लाउज लागला तरी?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या सासूबाईही अशीच गोळी कपाशेजारी ठेवायच्या. पुरण ओतलं त्या वर्षी तर नणंदेची मंगळागौर गौरीला लागून आली होती. संपतच नव्हत्या त्या गोळ्या."

तेवढ्यात सुधीर पेपर घेऊन आत आला. आमचे चेहरे बघून थबकला. "काय झालं, आई?"

"सुधीर," सासूबाई म्हणाल्या, "तो माझा स्वभाव नव्हता रे. इतकी वर्षं मीही तुमच्याबरोबर हसत आले."