समुद्राकडची भिंत

हॅडक कोव्ह या कोळ्यांच्या गावाच्या टोकावरचं पिवळं घर लिअँडर आणि रोवेना कीपिंगचं. बाहेरून लाकडी फळ्या. खाऱ्या वाऱ्यानं त्यांचा रंग सारखा उडायचा, म्हणून दर दोन-तीन उन्हाळ्यांनी लिअँडर शिडीवर. फेरीबोटीवरून निवृत्त झाल्यावर त्यानं जाहीर करून टाकलं, "आता बास. प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकायच्या. न्यूफाउंडलंडमधली निम्मी घरं तशीच आहेत."

"चालेल," रोवेना म्हणाली, "पण रंग मी ठरवणार."

आणि मग आमची पंचाईत झाली. मी शेजारीण. चहाला गेलं की कप हातात घेऊन अंगणात उभं राहायचं. भिंतीवर रोवेनानं नमुन्याचे तुकडे चिकटवलेले, आणि ती विचारायची, "हा राखाडी बरा, की तो राखाडी?"

"दोन्ही सारखेच दिसतात गं."

"डोळे तपासून घे!"

शेवटी त्यातला एक फिकट राखाडी ठरला. समुद्राकडची भिंत सगळ्यात खराब होती, म्हणून कामगारांनी तिथूनच सुरुवात केली. जुन्या फळ्या उतरल्या, पट्ट्या चढल्या. रोवेना समोरच्या खडकांपर्यंत जाऊन जाऊन घर बघत होती. "शहरातलं वाटतं ना?" तिनं विचारलं. वाटत होतं खरं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात कॉड माशाचं कालवण खात बसलो होतो. धाडकन दार उघडलं आणि अँब्रोसकाका आत आले. गावातले सगळ्यात म्हातारे कोळी. रबरी बूट चिखलानं भरलेले, टोपीतून पाणी गळतंय.

"माझं घर कोणी चोरलं?" ते गरजले.

"तुमचं घर तर तिकडे चर्चमागे आहे, काका," लिअँडर म्हणाला.

"ते झोपायचं! मी या घराबद्दल बोलतोय. समुद्रातून बघताना पिवळी भिंत बरोबर चर्चच्या मनोऱ्याखाली दिसली की सरळ आत यायचं, दोन्ही बाजूंचे खडक चुकतात. माझा बापही असाच यायचा. आज शोधतोय, शोधतोय, भिंतच नाही! शेवटी पलीकडच्या खाडीत होडी लावली आणि डोंगर चढून चालत आलो."

"पण होडीत जीपीएस आहे ना तुमच्या?"

"त्या यंत्राला आपल्या खडकांचं काय कळतंय? ते मला वळ म्हणालं. मी वळलो असतो ना, तर आज तुम्ही माझ्या मयताच्या प्रार्थनेला बसला असता."

लिअँडर हसला. रोवेना नाही हसली. तिनं काकांना कोरडे मोजे दिले, ताटात कालवण वाढलं आणि म्हणाली, "उद्या मला घेऊन चला. मला बघायचंय."

त्या घरात तिचा सगळा संसार झाला होता, पण समुद्रातून तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. तिला बोट लागते. तरी दुसऱ्या दिवशी ती काकांबरोबर गेली, आणि परत आली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"काय दिसलं?" लिअँडरनं विचारलं.

"काहीच नाही. खडक राखाडी, आभाळ राखाडी, आपण राखाडी. मला स्वतःचं घर सापडेना, लिअँडर." ती खुर्चीत बसली. "बाहेरून कोण आपल्याकडे बघत असेल असं कधी मनातच आलं नव्हतं माझ्या."

लिअँडरनं प्लास्टिकमध्ये पिवळा शोधला. मिळाला तो लोण्यासारखा फिका. अँब्रोसकाकांनी तुकडा हातभर लांब धरला आणि म्हणाले, "हा पावाला लाव." मग समुद्राकडच्या भिंतीला पुन्हा लाकडी फळ्या लागल्या. तिथून निघालेल्या राखाडी पट्ट्या मागच्या भिंतीवर गेल्या, आणि उरलेल्या दोन बाजूही राखाडीच झाल्या.

भिंत रंगवायच्या दिवशी अर्धी कोळीवस्ती न बोलावता ब्रश घेऊन हजर. जो तो आपल्या घरी उरलेला पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आलेला, त्यामुळे भिंतीवर पिवळ्याच्या चार तऱ्हा झाल्या. रोवेनानं मनुकांचे बन भाजले आणि सगळ्यांवर ओरडत सुटली, "कडा नीट मारा रे! घर आहे, होडी नाही!"

रस्त्यावरून घर आता राखाडीच दिसतं, त्यामुळे जाणारे पर्यटक पूर्वीसारखा त्याचा फोटो काढत नाहीत. रोवेना आधी थोडी खट्टू झाली. अलीकडे मात्र संध्याकाळी होड्या परतायच्या वेळी ती टोकावर जाऊन उभी राहते, आणि एकेक होडी आत वळली की हात हलवते.